लकीशा कुठून आली?

अमेरिकेत बाळांच्या नावांची पुस्तकं चाळली तर 'लकीशा' या नावापुढे कुठे 'मूळ स्वाहिली, अर्थ लाडकी' असं सापडतं, कुठे 'मूळ अरबी, अर्थ जिवंत', तर कुठे 'मूळ हिब्रू, अर्थ सुगंधी झाडाची साल'. काही पुस्तकं 'आधुनिक, बनवलेलं नाव' एवढं म्हणून मोकळी होतात. एका नावाला इतके बाप निघाले की ओळखावं, वंशावळ कोणी नीट तपासलेली नाही. १९७० च्या दशकात आणि त्याच्या आगेमागे अमेरिकेतल्या हजारो कृष्णवर्णीय मुलींना हे नाव मिळालं. पुढे ते अर्थशास्त्रातल्या एका गाजलेल्या निबंधाच्या शीर्षकात जाऊन बसलं आणि विनोदी कार्यक्रमांत टवाळीचा विषयही झालं. या नावांवर अभ्यासकांनी भरपूर लिहिलं आहे, पण त्यातलं बहुतेक लिखाण नावामुळे पुढे काय भोगावं लागतं यावर आहे. नाव घडलं कसं, हा प्रश्न भाषेचे मोजके अभ्यासक सोडले तर कोणी फारसा मनावर घेतलेला नाही.

आधी स्वाहिलीचा दावा पाहू. ही पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याची, मोंबासा-झांझिबारकडची भाषा. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर गुलाम म्हणून थेट उतरवलेले सुमारे ४ लाख लोक मात्र बहुतांशी पश्चिम आणि पश्चिम-मध्य आफ्रिकेतले होते: सेनेगल-गांबिया, आजचा घाना, नायजेरियाचा किनारा, काँगो-अंगोला. त्यांच्या वंशजांच्या नावांत स्वाहिली आली ती १९६० च्या दशकातल्या चळवळीतून. कोणा एका जमातीची मक्तेदारी नसलेली, अनेक आफ्रिकी देशांत चालणारी भाषा म्हणून कृष्णवर्णीय राष्ट्रवाद्यांनी ती मुद्दाम निवडली. मौलाना करेंगा यांनी १९६६ मध्ये सुरू केलेल्या 'क्वान्झा' या सणाची सातही तत्त्वं स्वाहिलीत आहेत. त्यातलं शेवटचं 'इमानी', म्हणजे श्रद्धा, हे पुढे मुलींचं आवडतं नाव झालं. ते खरोखर स्वाहिली आहे, अरबीतून तिथे गेलेलं. आपलं 'इमान' त्याच घरातलं. लकीशाबद्दल असं काही दाखवता येत नाही. चळवळीने नावांना आफ्रिकी अर्थ हवा अशी ओढ निर्माण केली आणि पुस्तकवाल्यांनी मागणी तसा पुरवठा केला, एवढंच.

अरबीचा दावा जास्त दमदार आहे. आयेशा हे पैगंबरांच्या पत्नीचं नाव, अर्थ 'जिवंत'. साठच्या दशकात इस्लामी नावं कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये मुसलमान नसलेल्या घरांतही शिरली. गायक स्टीव्ही वंडर यांनी १९७५ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलीचं नाव आयेशा ठेवलं, आणि तिच्या जन्माच्या आनंदावरचं त्यांचं गाणं १९७६ पासून घराघरात वाजू लागलं. 'ईशा' हा शेवट कानात बसला. तनीशा, लतीशा, कीशा, लकीशा ही त्याच सुराची भावंडं. त्यातली लतीशा तर लॅटिनमधली 'लेटिशिया', म्हणजे आनंद. युरोपात शतकानुशतकं चाललेलं नाव.

हिब्रूच्या दाव्याची गोष्ट सर्वांत रंगतदार आहे. बायबलमधल्या ईयोबाला सगळी संकटं सरल्यावर तीन मुली होतात. त्यातल्या मधलीचं नाव केझाया, दालचिनीच्या जातीतल्या एका झाडाच्या सालीवरून आलेलं. इंग्लंड-अमेरिकेतल्या धार्मिक प्रोटेस्टंट घरांत हे नाव चालायचं आणि त्याचं लाडातलं रूप होतं 'किझी'. मळ्यांवरच्या गुलाम बायकांमध्येही ते होतं. ॲलेक्स हेली यांच्या १९७६ च्या 'रूट्स' कादंबरीत गुलाम नायक कुंटा किंटे आपल्या मुलीचं नाव किझी ठेवतो, आणि हेली त्याचा मांडिंका भाषेतला अर्थ देतात: 'इथेच थांब'. बापाची इच्छा अशी, की हिला तरी कुठे विकलं जाऊ नये. जानेवारी १९७७ मध्ये त्यावरची मालिका अमेरिकेने अक्षरशः रस्ते ओस पाडून पाहिली, आणि त्या वर्षीच्या जन्मनोंदींत किझी नावाच्या मुलींची एकदम गर्दी झाली. आईबापांना वाटलं, आपण आफ्रिकेकडून काहीतरी परत घेतलं. नाव होतं ईयोबाच्या मुलीचं. कीशाही केझायावरूनच निघाली असावी, असं काही कोशकार म्हणतात.

माझा कल असा: 'कीशा' कानाने घडली, आयेशाच्या सुरावर आणि कदाचित केझायाच्या आठवणीवर. तिला पुढे 'ला' जोडून लकीशा झाली. मूळ अमेरिका, काळ विसाव्या शतकाचा उत्तरार्ध. हे उत्तर दिलं की लोक नाराज होतात, कारण 'बनवलेलं' म्हणजे खोटं अशी समजूत पक्की असते. मग व्हनेसा हे नाव घ्या. जोनाथन स्विफ्टने एस्थर व्हानोमरी या आपल्या मैत्रिणीसाठी आडनावातला 'व्हन' आणि एस्थरचा तुकडा जोडून ते अठराव्या शतकात रचलं. क्वुव्हेंझाने वॉलिस ही बालकलाकार २०१३ मध्ये, नऊ वर्षांची असताना, ऑस्करच्या शर्यतीत होती. तिच्या नावाचा पूर्वार्ध आई क्वुलिंड्रिया आणि वडील व्हेंजी यांच्या नावांचे तुकडे जोडून केलेला आहे. रीत तंतोतंत तीच. व्हनेसाला कोणी अर्थ विचारत नाही. क्वुव्हेंझानेला मात्र त्या सोहळ्याच्या दिवशी एका वार्ताहर बाईंनी 'मी तुला ॲनीच म्हणते' असं सुचवलं, कारण तिला त्या नावाची भूमिका मिळाली होती. मुलीने सरळ सांगितलं, मी ॲनी नाही, माझं नाव क्वुव्हेंझाने. तिच्या नावाच्या उत्तरार्धाचा स्वाहिलीत 'परी' असा अर्थ होतो असंही छापून आलं. त्या उत्तरार्धातला, इंग्रजीत 'zh' लिहितात तो उच्चार स्वाहिलीत नाहीच. पण लोकांना अर्थ हवा होता.

नाव आपलं आपण ठेवण्याचा हट्ट इतका का, हे समजायला मागे जावं लागतं. मळ्यांच्या हिशेबवह्यांत सीझर, पॉम्पी, केटो, ज्युपिटर, व्हीनस अशी नावं सापडतात. रोमन सेनानी-मुत्सद्द्यांची आणि देवतांची नावं गुलामाला ठेवण्यात मालकांना गंमत वाटे. त्याच वह्यांत कजो, क्वाको, कफी, फिबा अशीही नावं आहेत. ही घानाकडच्या आकान लोकांची वारांवरून ठेवायची नावं: सोमवारी जन्मला तो कजो, बुधवारचा क्वाको, शुक्रवारचा कफी, शुक्रवारची मुलगी फिबा. पिढ्या उलटल्या तसा क्वाकोचा 'जॅक' झाला, फिबाची 'फीबी', कजोचा 'जो'. इंग्रजी नावाच्या आड आफ्रिकी वार लपून राहिला. लोरेंझो डाऊ टर्नर यांना जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाच्या बेटांवरच्या गल्ला समाजात १९३० च्या दशकातही हजारो आफ्रिकी नावं घरगुती वापरात सापडली. शाळेत आणि गोऱ्यांसमोर एक नाव, घरात दुसरं. इतिहासकार हर्बर्ट गटमन यांनी १९७६ च्या ग्रंथात दाखवलं, की गुलाम कुटुंबं मुलांना आजोबांचं, आत्याचं, विकल्या गेलेल्या बापाचं नाव आवर्जून ठेवत. सरकारी कागदावर तर नावच नव्हतं: १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या यादीत मालकाचं नाव, आणि त्याखाली गुलामाचं फक्त वय, लिंग आणि रंग. नावनिशीवार नोंद झाली ती १८७० ला.

मुक्तीनंतरची नावं हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. अनेकांना वाटतं, वेगळी नावं म्हणजे साठच्या दशकाचं खूळ. लिसा कुक, ट्रेव्हॉन लोगन आणि जॉन पार्मन या अर्थतज्ज्ञांनी (ट्रेव्हॉन हे नावही याच घराण्यातलं!) जुन्या जनगणना आणि मृत्यूचे दाखले तपासून दाखवलं, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही खास कृष्णवर्णीय म्हणावीत अशी पुरुषांची नावं होती: मोझेस, इझ्रायल, बुकर, फ्रीमन, टायटस, आणि प्रिन्स, किंग, मास्टर. चार राज्यांतल्या ३० लाखांवर मृत्युनोंदी पाहून त्यांनी काढलेला निष्कर्ष गमतीचा आहे: अशी नावं असलेले पुरुष इतर कृष्णवर्णीय पुरुषांपेक्षा सरासरी वर्षभर जास्त जगले. नावाने आयुष्य वाढतं असं अर्थात कोणी म्हणत नाही. बायबलची नावं ठेवणारी घरं चर्चशी आणि गणगोताशी घट्ट बांधलेली असावीत, असा त्यांचा तर्क आहे. नाव हे ओझंच असतं, या समजाला मात्र त्याने तडा जातो.

किंग आणि मास्टर कशासाठी, हे अलाबामातल्या एका न्यायालयात दिसलं. दक्षिणेत गोरी माणसं कृष्णवर्णीयांना 'मिस्टर' किंवा 'मिस' कधीच लावत नसत. सत्तरीच्या म्हाताऱ्यालाही नुसतं नाव, नाहीतर 'बॉय'. १९६३ मध्ये गॅड्सडेन गावी नागरी हक्क चळवळीच्या कार्यकर्त्या मेरी हॅमिल्टन साक्षीला उभ्या होत्या. सरकारी वकिलाने 'मेरी' म्हणून प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, मला मिस हॅमिल्टन म्हणा, मग उत्तर देते. न्यायाधीशांनी उत्तर द्यायला फर्मावलं, त्यांनी दिलं नाही. बेअदबीबद्दल पाच दिवस तुरुंग आणि ५० डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६४ मध्ये ती शिक्षा रद्द झाली. पहिलंच नाव 'मास्टर' ठेवलं की समोरच्याला झक मारत मालक म्हणावं लागतं, हा हिशेब त्याआधी दोन पिढ्यांच्या आईबापांनी केलेला होता.

साठच्या दशकाने हीच हौस उघड्यावर आणली. कॅशियस क्ले १९६४ मध्ये मुहम्मद अली झाला, बास्केटबॉलपटू ल्यू अल्सिंडर १९७१ मध्ये करीम अब्दुल-जब्बार. कॅलिफोर्नियाच्या जन्मनोंदी १९६१ पासून तपासणारे रोलंड फ्रायर आणि स्टीव्हन लेव्हिट सांगतात, की साठच्या दशकाच्या सुरुवातीला गोऱ्या आणि कृष्णवर्णीय बाळांच्या नावांत फरक होता, पण बेताचा. दशक संपता संपता आणि सत्तरच्या सुरुवातीला, विशेषतः वेगळ्या वस्त्यांत राहणाऱ्या कुटुंबांमध्ये, तो झपाट्याने वाढला. त्यांनी पाहिलेल्या काळाच्या अखेरीस कृष्णवर्णीय मुलींपैकी ४० टक्क्यांहून अधिकींची नावं अशी होती, जी त्या वर्षी राज्यात जन्मलेल्या लाखभर गोऱ्या मुलींपैकी एकीलाही ठेवलेली नव्हती. जवळपास ३० टक्के मुलींचं नाव तर त्या वर्षी राज्यात दुसऱ्या कोणाचंच नव्हतं. नव्वदच्या दशकात २२८ कृष्णवर्णीय बाळांचं नाव 'युनीक' म्हणजे एकमेव होतं, हेही त्यांनी नोंदवून ठेवलंय.

इथे लोक हसतात आणि म्हणतात, काहीही अक्षरं जोडतात. हे साफ चूक आहे. स्टॅन्ली लिबर्सन आणि केली मिकेल्सन यांनी १९९५ मध्ये इलिनॉयच्या जन्मनोंदींतून एकदाच ठेवली गेलेली, कोणी कधी न ऐकलेली नावं काढली आणि लोकांना विचारलं, हा मुलगा की मुलगी? बहुतेक नावांना उत्तरं बरोबर आली. म्हणजे नाव रचणाऱ्या आईला आणि ते ओळखणाऱ्या परक्याला एकच अलिखित व्याकरण माहीत होतं. 'आ'कारान्त म्हणजे बहुधा मुलगी. सुरुवातीला ला, डी, जा, शा, टा यांपैकी एक. मग नावाचा गाभा. आघात दुसऱ्या अवयवावर: ल-की-शा, डी-शॉन. जमाल, मलिक, करीम, रशाद ही अरबी नावं इतक्या सहज मिसळून गेली त्याला हा ठेकाही कारण असावा, असं मला वाटतं. तीही दुसऱ्या अवयवावरच जोर घेतात.

'ला' आणि 'डी' कुठले? लुइझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्रिओल समाजाकडे बोट दाखवलं जातं आणि त्यात तथ्य दिसतं. आंत्वान, मोनीक, आंद्रे, जर्मेन ही फ्रेंच नावं कृष्णवर्णीय घरांत मुबलक आहेत, आणि बियॉन्से हे तर गायिकेच्या आईचं लुइझियानाकडचं माहेरचं आडनाव. पण 'ला' ही केवळ त्यांचीच खूण नाही. युटामधल्या गोऱ्या मॉर्मन लोकांत लाव्हेल, लाव्हार अशी नावं पुष्कळ. तिथल्या विद्यापीठाचं फुटबॉलचं मैदान लाव्हेल एडवर्ड्स या गोऱ्या प्रशिक्षकाच्या नावाने आहे. त्या 'ला'वर विनोद होत नाहीत.

डीशॉनचं कूळ तर ऐकण्यासारखं आहे. हिब्रू योहानान, त्याचं लॅटिन योहान्नेस, त्याचं नॉर्मन फ्रेंच जेहान, आयरिश जिभेवर त्याचं शॉन, आणि अमेरिकेत त्याला 'डी' लागून डीशॉन. गोव्यात ऐन पावसाळ्यात विहिरीत उड्या मारून ज्याचा सांजांव साजरा होतो, त्याच संताच्या नावाचा हा शिकागोकडचा पणतू. टायरोन हे आणखी एक. ऐकणाऱ्याला हमखास कृष्णवर्णीय वाटतं, पण मुळात तो आयर्लंडमधला एक परगणा.

टवाळी बाहेरून झाली तशी घरातूनही. बिल कॉस्बी यांनी २००४ मध्ये वॉशिंग्टनच्या एका समारंभात गरीब कृष्णवर्णीय आईबापांना झोडपताना त्यांच्या मुलांच्या नावांचीही खिल्ली उडवली. श्रोत्यांत टाळ्याही पडल्या. शिकून वर गेलेल्या वर्गाला ही नावं लाजिरवाणी वाटतात, हे लपून राहिलेलं नाही. 'लेमन जेलो' आणि 'ऑरेंज जेलो' नावाच्या जुळ्यांची गोष्ट प्रत्येक दवाखान्यातल्या नर्सच्या मैत्रिणीने ऐकलेली असते, ती जुळी मात्र कोणाला भेटत नाहीत. या कंड्या पूर्वीपासूनच्या आहेत. फक्त नावं बदलतात.

आता ज्या निबंधाने लकीशाला जगप्रसिद्ध केलं तो. मारियान बर्ट्रांड आणि तमिळनाडूत जन्मलेले सेंधिल मुल्लैनाथन यांनी बोस्टन आणि शिकागोमधल्या सुमारे १३०० जाहिरातींना जवळपास ५००० खोटे अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नावं वेगळी: एमिली आणि ग्रेग एकीकडे, लकीशा आणि जमाल दुसरीकडे. गोऱ्या नावांना १०० अर्जांमागे साधारण साडेनऊ बोलावणी आली, कृष्णवर्णीय नावांना साडेसहाच्या आत. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी फ्रायर-लेव्हिट यांचा निबंध आला, आणि त्यांचा निष्कर्ष असा की जन्मावेळची घरची परिस्थिती लक्षात घेतली तर नावामुळे पुढच्या आयुष्यात वेगळा तोटा झालेला दिसत नाही. दोन्ही खरं कसं? मला यात फारसा विरोध दिसत नाही. पहिला प्रयोग दारावरच्या माणसाचं वर्तन मोजतो, दुसरा आयुष्याची गोळाबेरीज. एक दार बंद झालं तर माणूस दुसरं शोधतो. त्याने पहिल्या दारावरचा अन्याय पुसला जात नाही.

पुढच्या अभ्यासांनी चित्र आणखी बारकाईने रेखाटलं. डेव्हिड फिग्लिओ यांनी फ्लोरिडातल्या सख्ख्या भावंडांची तुलना केली. एकाच घरातल्या मुलांपैकी 'गरिबीची' छाप असलेलं नाव ज्याचं, त्याच्याकडून शिक्षकांच्या अपेक्षा कमी. एस. मायकल गॅडिस यांनी दाखवलं की कमी शिकलेल्या आया जी नावं ठेवतात ती लोकांना ठळकपणे कृष्णवर्णीय वाटतात, शिकलेल्या आयांनी ठेवलेली तितकी वाटत नाहीत. म्हणजे लकीशा हे नाव प्रयोगात रंगाबरोबर वर्गही मोजतं, आणि दोन्ही वेगळे काढणं सोपं नाही.

हीच पद्धत सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी भारतात वापरली. त्यांचा लेख २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. सवर्ण नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याच्या शक्यतेशी ताडून पाहिलं तर दलित नावाचं प्रमाण ०.६७ आणि मुस्लिम नावाचं ०.३३ भरलं. 'आडनाव काय आपलं?' या प्रश्नामागचा हेतू महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही, त्यामुळे आपल्याला या आकड्यांचा धक्का कमी बसावा. फरक एवढाच की आपल्याकडे आडनाव वंशपरंपरेने येतं. लकीशाचं नाव आईने हौसेने निवडलेलं असतं, म्हणून दोषही तिच्याच माथी मारता येतो.

अलीकडचा मोठा प्रयोग पॅट्रिक क्लाइन आणि सहकाऱ्यांचा. अमेरिकेतल्या १०८ बड्या कंपन्यांना त्यांनी सुमारे ८३,००० अर्ज पाठवले. फरक आता १०० अर्जांमागे दोन बोलावण्यांच्या आसपास निघाला, तोही थोड्या कंपन्यांत एकवटलेला. नावांसाठी त्यांनी जुनी यादी घेतली आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या वेगमर्यादा मोडणाऱ्यांच्या नोंदींमधून तिच्यात भर घातली. जुनी यादी होती १९७४ ते १९७९ मधल्या मॅसॅच्युसेट्सच्या जन्मदाखल्यांवरून केलेली. म्हणजे त्यातल्या लकीशा आज पन्नाशीला टेकल्या आहेत.

हे नाव आता मुलींना जवळजवळ कोणी ठेवत नाही. नव्वदच्या दशकातच ते ओसरलं. त्याची जागा झुरीसारख्या खऱ्याखुऱ्या स्वाहिली शब्दाने घेतली, अर्थ 'सुंदर'. आणि दरम्यान जोडकामाची ही कला सगळ्यांनीच उचलली. २००० मध्ये एका रॉक गायकाने टीव्हीवर आपल्या मुलीचं नाव 'नेव्हेया' सांगितलं. १९९९ मध्ये देशभरात ८ मुलींचं ते नाव होतं, २००५ मध्ये ४४५७ मुलींना ते मिळालं, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय दोन्ही घरांत. नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडली, पण मूळ शोधायला कोणी आफ्रिकेचा नकाशा उघडला नाही. 'हेवन' हा इंग्रजी शब्द उलटा वाचला की काम झालं.